मंगळूरमध्ये बेताच्या खर्चात उत्तम जेवण कुठे मिळेल?

तुम्ही विचारले आहे की नोव्हेंबरमध्ये तुम्ही पाच जण मुंबईहून रेल्वेने तीन दिवसांसाठी मंगळूरला जाणार आहात, सोबत आई-वडील आहेत, वहिनी पूर्ण शाकाहारी आहेत, आणि तारांकित हॉटेलांचा थाट व खर्च टाळून, पण सगळ्यांना नीट बसून खाता येईल अशा चांगल्या जागा कोणत्या आहेत. मुंबईत मासळीच्या जेवणाची हॉटेले सुरू करणाऱ्यांना भटारखाना लावून देण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करतो आणि त्या निमित्ताने मसाला, तवे आणि आचारी पाहण्यासाठी मंगळूरला वर्षातून दोनदा तरी माझे जाणे होते. त्यामुळे नुसती नावे सांगून थांबणे मला जमणार नाही, कारण त्या शहरात चांगल्या हॉटेलात जाऊनही चुकीची गोष्ट मागवल्यामुळे निराश होऊन परतलेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

मंगळूरमध्ये आधी वेळ ठरवावी, मग पदार्थ आणि सर्वांत शेवटी हॉटेल. मासळी दुपारी खावी, डोसे आणि बन्स सकाळी किंवा चार वाजता खावेत, कोंबडीचे पदार्थ आणि नीर डोसा रात्रीसाठी ठेवावा. शिवाय या शहराची चव एक नाही. रथबीदीच्या, म्हणजे देवळाच्या रथाच्या रस्त्याच्या, आसपास गौड सारस्वतांचे कोकणी स्वयंपाकघर आहे, बंट या जमीनदार समाजाचे कोंबडीचे पदार्थ वेगळे, समुद्रावर जाणाऱ्या मोगवीरांची मासळीची आमटी वेगळी, ख्रिस्ती घरांतले सान्नां, म्हणजे तांदळाच्या मऊ इडल्या, आणि बाफाट, म्हणजे डुकराच्या मांसाचा मसालेदार रस्सा, वेगळे, आणि ब्यारी मुसलमानांचे जेवण आणखी निराळे. बहुतेक हॉटेलांच्या पत्रकावर आता सगळेच पदार्थ छापलेले असतात, पण ज्या घरातून ते हॉटेल उभे राहिले त्या घरात जे रोज शिजते, तेच तिथे उत्तम मिळते. मंगळूरच्या मासळीच्या खाणावळीत पनीर बटर मसाला मागवणाऱ्याला तो मिळेलही, पण त्यात आचाऱ्याचा जीव नसतो.

मासळीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्यापैकी चौघे त्यासाठीच चालले आहेत. मंगळूरच्या मासेमारी बंदराला तिथले लोक ‘दक्के’ म्हणतात. हा आपला भाऊच्या धक्क्यातला धक्काच. त्याच परिसरात, जुन्या बंदर भागातल्या व्यापारी पेढ्यांच्या आणि गोदामांच्या गल्ल्यांत, ‘नारायण’ ही खाणावळ आहे. मला मंगळूरमध्ये एकच दुपार मिळाली तर मी ती तिथे घालवतो. बसायची जागा साधी आहे, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावे लागते आणि जेवण झाल्यावर रेंगाळत बसण्याची तिथे रीत नाही. जेवणात भात, मासळीची आमटी, एखादी भाजी आणि लोणचे येते. त्यानंतर वाढपी मसाला लावलेल्या कच्च्या माशांचे ताट घेऊन टेबलाशी येतो, आणि इथेच सारे ठरते. त्या ताटाकडे नीट पाहावे. अख्खा बांगडा असेल तर त्याचे पोट फुटलेले नसावे, सुरमईच्या तुकडीची कड कोरडी किंवा पिवळट पडलेली नसावी, आणि मसाला माशाला घट्ट धरून असावा. माशातून पाणी सुटून मसाला ताटात ओघळला असेल तर तो मासा बर्फात बराच काळ राहिला असण्याचा संभव असतो. आपण बोट दाखवलेला मासा मोठ्या सपाट तव्यावर जातो आणि काही मिनिटांत लालभडक होऊन परत येतो. भाव माशागणिक आणि आकारागणिक बदलतो, म्हणून बोट दाखवतानाच विचारून घ्यावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, तिथले नेहमीचे गिऱ्हाईकही विचारते.

ताटातल्या माशांची तुळू, म्हणजे तिथल्या बोलीतली, नावे ठाऊक असली तर निवड सोपी जाते. अंजल म्हणजे सुरमई, बंगुडे म्हणजे बांगडा, भुताई म्हणजे तारली, मांजी म्हणजे पापलेट, यट्टी म्हणजे कोळंबी, देंजी म्हणजे खेकडा, मरुवाय म्हणजे तिसऱ्या, आणि काणे म्हणजे आपल्याकडे मालवणला मुडदुशी व मुंबईत नगली म्हणतात तो मासा. पर्यटक बहुधा अंजल किंवा मांजी मागवतात, कारण ती नावे महाग आणि ओळखीची आहेत. माझा आग्रह काणेचा आहे. निमुळता, हाताच्या पंजाएवढा हा मासा रव्यात घोळवून तळला की त्याचे मांस इतके हलके होते की मधला काटा एका ओढीत निघून येतो, आणि म्हणूनच ज्येष्ठांसाठी व लहान मुलांसाठी तो सर्वांत सोयीचा. नोव्हेंबरमध्ये बांगडा आणि तारली दोन्ही भरपूर येतात. तारलीला आपण मुंबईत गरिबाचा मासा मानून हॉटेलात विचारतही नाही, पण तिची आंबट-तिखट ‘पुळिमुंची’ मंगळूरला आवर्जून खावी. पुळि म्हणजे आंबट आणि मुंची म्हणजे मिरची. त्या पदार्थात नारळ नसतो, चिंच आणि मिरचीच्या दाट वाटणात मासा शिजतो, आणि तो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो असे तिथल्या घरांतून सांगितले जाते, ते खरे आहे.

दुसरी जागा ‘गिरिमंजाज्’. वेंकटरमण देवळाच्या रथबीदी भागातली ही सारस्वत कुटुंबाची छोटी खाणावळ आहे. तिथे मराठी माणसाला एक वेगळाच आनंद मिळतो, कारण आजूबाजूला चाललेली कोकणी निम्म्याहून अधिक कळते आणि आपली मराठीही त्यांना बऱ्यापैकी समजते. जागा अगदी मोजकी असल्यामुळे उभे राहावे लागते आणि साडेबाराच्या आत पोहोचले नाही तर ज्या माशासाठी गेलो तोच संपलेला असतो. तव्यावरची सुरमई आणि तिसऱ्यांचे सुके हे तिथले माझे ठरलेले जेवण. तुमच्या आई-वडिलांना उभे राहणे अवघड असेल तर घरातल्या एकाने पुढे जाऊन जागा धरावी, नाहीतर इथे तुम्ही दोघांनीच जावे आणि त्यांना पुढे सांगतो त्या ‘मछली’त न्यावे.

इथे मसाल्याबद्दल थोडे सांगतो, कारण मालवणी चवीची सवय असलेल्या माणसाची पहिल्या घासाला गफलत होते. मालवणी मसाला भाजून, कुटून, वर्षभरासाठी बरणीत भरून ठेवलेला असतो आणि आंबटपणा बहुधा कोकमाचा असतो. मंगळूरचा मसाला रोजच्या रोज ओला वाटला जातो आणि त्यात आंबटपणा मुख्यतः चिंचेचा असतो. त्याचा गडद लाल रंग बेडगी मिरचीचा. हावेरी जिल्ह्यातल्या बेडगीची ही सुरकुतलेली मिरची रंगाला जबर आणि तिखटाला सौम्य असते, त्यामुळे ताटात आलेला मासा दिसतो तेवढा जहाल नसतो. तुमच्या वडिलांना तिखट सोसत नसेल तर रंग पाहून घाबरू नये. मिरी आणि लसूण मात्र जाणवते. माशाच्या आमटीत ओल्या नारळाचे वाटण असते आणि तिला ‘गस्सी’ म्हणतात. सारस्वतांच्या घरी बांगड्याच्या ‘आंबट’ नावाच्या रश्श्यात तिरफळे पडतात, आणि तो वास आला की सिंधुदुर्गातल्या माणसाला ओळख पटते. तळण बऱ्याच ठिकाणी खोबरेल तेलात होते. ज्यांना तो वास नको असेल त्यांनी आधी विचारावे, पण एकदा तरी त्याच तेलात खाऊन पाहावे, कारण तो मसाला त्या तेलासाठीच बेतलेला आहे.

‘मछली’ हे हॉटेल शरवु गणपती देवळाच्या रस्त्यावर, शहराच्या मध्यभागी आहे. कुटुंबांची गर्दी तिथे अधिक असते, मासळीची थाळी व्यवस्थित येते आणि आई-वडिलांसह पहिल्या दिवशी जाण्यासाठी मी हीच जागा सुचवीन. प्रवासाचा थकवा असताना बंदरातल्या गल्ल्या शोधण्यापेक्षा ते बरे. थाळी मागवताना भात कोणता हवा ते विचारतात. तांबूस, जाडसर उकड्या तांदळाचा भात घ्यावा. आपल्या कोकणातला उकडा भात ज्यांनी खाल्ला आहे त्यांना तो परका वाटणार नाही, आणि गस्सीला जे वजन लागते ते पांढऱ्या बारीक भातात येत नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ऐन पावसाळ्यात, समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका नव्या, दिव्यांनी झगमगणाऱ्या हॉटेलात मला ‘आजची ताजी सुरमई’ म्हणून जी तुकडी वाढली ती काट्यापासून पापुद्र्यांनी सुटण्याऐवजी पिठासारखी भुगा होत होती. गोठवलेला मासा दोनदा वितळवला की असे होते. तक्रार केल्यावर त्यांनी बदलून दिली, पण दुसरी तुकडीही त्याच पेटीतली होती. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या सुरमईचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते, आणि ती चूक माझीही होती. तुम्ही नोव्हेंबरमध्ये जात आहात, त्यामुळे ही अडचण येऊ नये. तरीही किनाऱ्यावरचा देखावा आणि तव्यावरचा मासा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पणंबूर किंवा तण्णीरभावीच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहावा आणि जेवायला शहरात परतावे.

रात्रीसाठी कोंबडी. मंगळूरच्या बंट घरांतली ‘कोरी रोट्टी’ हा पदार्थ आपल्याकडच्या फार थोड्या लोकांनी नीट खाल्लेला असतो, कारण त्याची वेळ साधावी लागते. तुळूत कोरी म्हणजे कोंबडी. रोट्टी म्हणजे तांदळाच्या पिठाचा कागदासारखा पातळ, पूर्ण वाळवलेला, कडकडीत पापुद्रा. ताटात तो हाताने मोडून पसरायचा, त्यावर नारळाच्या दुधातली पातळसर कोंबडीची गस्सी ओतायची आणि लगेच खायला लागायचे. पहिल्या घासाला रोट्टी कुरकुरते, चौथ्या-पाचव्या घासाला ती रस पिऊन मऊ होते, आणि या दोन अवस्थांच्या मधली दोन मिनिटे म्हणजे तो पदार्थ. म्हणून सगळी रोट्टी एकदम भिजवू नये, थोडी थोडी मोडत जावे. ज्यांना मऊ हवे त्यांच्यासाठी नीर डोसा आहे. नीर म्हणजे पाणी. पाण्यासारख्या पातळ पिठाचा हा डोसा म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ, आणि आईंना तो नक्की आवडेल. कोंबडीचे नारळ घातलेले ‘सुक्का’ त्याच्याबरोबर मागवावे.

घी रोस्टबद्दल तुम्ही मुद्दाम विचारले आहे. हा पदार्थ मूळचा कुंदापूरचा, मंगळूरपासून उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटरवरचा, आणि त्याची ख्याती कुंदापूरच्या ‘शेट्टी लंच होम’ने पसरवली. बेडगीचे वाटण भरपूर तुपात मंद आचेवर परतत राहायचे, दही आणि चिंच घालायची, आणि वाटणाचा कच्चा वास जाऊन कडेने लाल तूप सुटू लागले की मगच कोंबडी त्यात घोळवायची. यात घाई चालत नाही. मुंबईतल्या हॉटेलांत आम्ही हाच पदार्थ बसवताना सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. गिऱ्हाईक वाट पाहत असते म्हणून आच वाढवली जाते, मिरची करपते, आणि मग कडवटपणा झाकायला गूळ वाढवला जातो. मंगळूरमध्ये घी रोस्ट जवळजवळ प्रत्येक मांसाहारी हॉटेलात मिळतो. तो चांगला आहे की नाही हे ताटलीच्या कडेवरून ओळखावे. सुटलेले तूप लाल आणि स्वच्छ दिसले पाहिजे, काळपट दिसता कामा नये. पुढे कधी मुंबईहून किंवा गोव्याहून गाडीने राष्ट्रीय महामार्ग 66 वरून आलात, तर कुंदापूरला थांबून मूळ ठिकाणी खाण्यासारखे दुसरे सुख नाही. या वेळी रेल्वेने येत असाल तर केवळ त्यासाठी उलट जाण्याची गरज नाही.

वहिनींच्या वाट्याला दुय्यम जेवण येईल अशी काळजी तुम्ही व्यक्त केली आहे, ती मनातून काढून टाकावी. ज्या किनाऱ्यावरून उडुपी हॉटेले सगळ्या देशात गेली, माटुंग्याला 1942 मध्ये रामा नायकांनी बोर्डिंग सुरू केले आणि मुंबईच्या चाकरमान्यांना केळीच्या पानावर जेवू घातले, त्या किनाऱ्यावर शाकाहारी माणूस उपाशी राहणे शक्य नाही. सकाळी तुम्ही सगळ्यांनीच कोडियालबैलच्या ‘न्यू ताज महाल कॅफे’त जावे. तिथे तुप्प डोसा, म्हणजे तुपातला डोसा, आणि मंगळुरी बन्स मागवावेत. बन्स या नावावरून पाव डोळ्यांसमोर येतो, पण ही पिकलेल्या केळ्यात मळलेल्या मैद्याची, रात्रभर मुरवलेली, टम्म फुगलेली गोडसर पुरी असते. ती मोडल्यावर आत जाळी दिसली पाहिजे आणि बोटांना तेल लागता कामा नये. सोबत तिखट चटणी घ्यावी, कारण गोड आणि तिखट यांच्या त्या जोडीतच तिची खरी चव आहे. बिस्कुट रोट्टी नावाची, आत मसालेदार सारण भरलेली छोटी खुसखुशीत पुरीही तिथे मिळते, आणि दुपारी चारच्या सुमारास कुठेही गेलात तरी गरम गोळी भजी असतातच.

वहिनींच्या दुपारच्या जेवणासाठी ‘अयोध्या’ पाहावे. सारस्वत पद्धतीचे शाकाहारी जेवण, म्हणजे हिंगाची फोडणी दिलेले ‘दाळितोय’, खोबऱ्याच्या वाटणातली कडधान्यांची ‘घश्शी’, भाज्यांच्या साध्या ‘उपकरी’. हे पदार्थ दिसायला अगदी साधे असतात. पण ज्यांना गोव्याचे किंवा कारवारचे सारस्वत जेवण ठाऊक आहे त्यांना त्यातला नेमकेपणा लगेच कळेल. दाळितोयात कांदा नाही, लसूण नाही, गोडा मसाला नाही. केवळ तूरडाळ, हिंग, मिरची आणि कढीलिंब, आणि तरीही ती डाळ भातावर पडली की दुसरे काही लागत नाही. अळूच्या पानांची पत्रोडे मात्र पावसाळ्यात खरी. नोव्हेंबरमध्ये दिसली तर घ्यावीत, नाहीतर आग्रह धरू नये. बंट्स हॉस्टेल रस्त्यावरचे ‘वुडलँड्स’ हेही जुने आणि भरवशाचे शाकाहारी ठिकाण आहे.

ख्रिस्ती जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. सान्नां, बाफाट आणि कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, हे पदार्थ अजूनही मुख्यतः घरांत, लग्नांत आणि नाताळात जिवंत आहेत. ओळखीचे घर असेल तर आमंत्रण टाळू नये. हॉटेलात त्याच्या शोधात दिवस घालवण्याइतके तुमच्याकडे दिवस नाहीत.

संध्याकाळी आइस्क्रीम. मंगळूरमध्ये याला जेवणाइतकेच महत्त्व आहे. ‘आयडियल’ची सुरुवात प्रभाकर कामत यांनी 1975 मध्ये मार्केट रस्त्यावर केली, आणि त्यांचेच ‘पब्बाज्’ लालबागला आहे. तिथे ‘गडबड’ मागवावे. उंच काचेच्या पेल्यात वेगवेगळ्या चवींच्या आइस्क्रीमचे थर, मधे जेली, फळांचे तुकडे आणि सुका मेवा. गडबड हे नाव इकडचेच असल्यासारखे वाटते, पण तो पदार्थ या किनाऱ्याचा आहे आणि त्याच्या जन्माचे श्रेय उडुपीच्या ‘डायना’ हॉटेललाही दिले जाते. लांब चमचा थेट तळापर्यंत घालून सगळे थर एकदम उचलावेत. वरून एकेक थर खात गेले तर शेवटी नुसती जेली उरते. मुंबईत जुहूला 1984 मध्ये ‘नॅचरल्स’ सुरू करणारे रघुनंदन कामत याच भागातल्या मुल्कीचे, फळविक्रेत्याचे पुत्र. आपण मुंबईत जे सीताफळाचे आइस्क्रीम कौतुकाने खातो त्याची मुळे या मातीत आहेत, याची तिथे बसल्यावर मला दरवेळी आठवण होते.

तुमच्या तीन दिवसांचा क्रम मी असा लावीन. पहिल्या दिवशी दुपारी सगळ्यांनी ‘मछली’ आणि रात्री नीर डोसा व सुक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘न्यू ताज महाल’, दुपारी तुम्ही मासे खाणाऱ्यांनी बारा वाजता ‘नारायण’ आणि वहिनींनी सोबत कोणाला घेऊन ‘अयोध्या’, चार वाजता सगळ्यांनी ‘पब्बाज्’, आणि रात्री भूक असेल तरच कोरी रोट्टी. तिसऱ्या दिवशी ‘गिरिमंजाज्’, पण त्या दिवशी परतीची गाडी किती वाजता आहे ते पाहून, कारण मत्स्यगंधा एक्सप्रेस दुपारी सुटते आणि रांगेत उभे राहून गाडी पकडण्याची धावपळ आई-वडिलांना झेपणार नाही. तसे असेल तर ‘गिरिमंजाज्’ दुसऱ्या दिवशी घ्यावे आणि ‘नारायण’ सोडून द्यावे. दोन्ही एका दुपारी करण्याचा प्रयत्न मी एकदा केला होता, तसा करू नये, दुसऱ्या ठिकाणच्या माशाला न्याय मिळत नाही. यांपैकी कोणताही दिवस रविवार असेल तर आदल्या दिवशी दूरध्वनी करून खात्री करावी, कारण लहान खाणावळींची सुट्टी बहुधा त्याच दिवशी असते.

परतताना हंपनकट्ट्याच्या बाजारातून कोरी रोट्टीची पाकिटे जरूर आणावीत. ती कोरडी असल्यामुळे आठवडे टिकतात, आणि घरच्या कोणत्याही पातळ कोंबडीच्या रश्श्याबरोबर, किंवा वहिनींसाठी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबरही छान लागतात. फक्त ती पिशवी सामानात दाबून न ठेवता हातात धरावी आणि गाडीत वरच्या बर्थवर ठेवावी, नाहीतर ठाण्याला पोहोचेपर्यंत तिचा चुरा झालेला असतो.